जुन्या मोटरसायकलचा एक्झॉस्ट पुन्हा बसवताना: कोणत्या जागी कोणता नट-बोल्ट

जुनी मोटरसायकल उभी करताना इंजिनावर महिने जातात आणि एक्झॉस्ट एका संध्याकाळी बसवला जातो. त्या संध्याकाळी डब्यात सापडेल तो नट लागतो, चकाकतो म्हणून स्टेनलेसचा बोल्ट लागतो, नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेला नट) आहे म्हणजे सुटणार नाही असं वाटतं. पुढे कधीतरी हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडायची वेळ येते, बेंड पाइप काढायला जावं तर नट जाम झालेला, आणि जोर लावला की स्टड, म्हणजे हेडमध्ये बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट, मुळापासून तुटतो. मग पाच मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. नशीब वाईट असेल तर हेडच जातं, आणि जुन्या गाडीचं हेड सहज मिळत नाही.

चूक हाताच्या जोरात नसते, निवडीत असते. म्हणून आधी एक सूत्र मनात पक्कं करा, बाकी सगळा लेख त्यावरच उभा आहे. तापून थंड होणारी, पाणी खाणारी, थरथरणारी ही जोडणी आहे; तिच्यातलं काहीतरी कधीतरी खराब होणारच. काय खराब व्हावं, हे मात्र आपण ठरवू शकतो. आधी नट जावा आणि स्टड वाचावा. स्टड गेलाच तर हेडमधले आटे वाचावेत. जो नट-बोल्ट हा क्रम उलटा करतो तो कितीही महाग, कितीही मजबूत असला तरी त्या जागी चुकीचा आहे.

## १. काढतानाच नोंद करा

नवीन काय लावायचं ते जुनं काढतानाच कळतं. म्हणून सगळे नट एका डब्यात टाकू नका. जाड पुठ्ठ्यावर एक्झॉस्टचं साधं चित्र काढा, भोकं पाडा, आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा. वॉशर, स्पेसर, पत्र्याची कुलपी पट्टी, सगळं ज्या क्रमाने निघालं त्या क्रमाने.

जाम नटावर पाना लावण्याआधी आटे दिसतात तिथे वायरब्रश मारा, गंज सोडवणारं तेल लावा आणि रात्रभर तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी सहा कोनी सॉकेट वापरा. बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतं. नट किंचित घट्ट करा, मग किंचित सैल, परत घट्ट, परत सैल. करकर आवाज येत असेल तर तिथेच थांबून तेल द्या. तरीही हलला नाही तर नटाचा बळी द्या: नट फोडायचं हत्यार वापरा किंवा स्टडला न लागू देता करवतीने एका बाजूने चीर पाडून छिन्नीने उघडा. नट पुन्हा मिळतो.

काही गाड्यांना स्टडच नसतात. पोर्टवर, म्हणजे हेडमधून धूर बाहेर पडतो त्या तोंडावर, पंखेदार गोल नट आटतो. बीएमडब्ल्यूच्या हवेने थंड होणाऱ्या जुन्या बॉक्सर इंजिनांत हे आटे हेडच्याच अॅल्युमिनियमवर बाहेरून कापलेले असतात. तिथे जाम नट जोराने फिरवला तर हेडचे आटे सोलून नटाबरोबर येतात. दोन पंखांच्या मधून नट कापणं हाच शहाणपणाचा मार्ग. नवा नट विकत घेता येतो, आटे घेता येत नाहीत.

सावधान: जुन्या, विशेषतः ब्रिटिश गाड्यांचे नट-बोल्ट अनेकदा कॅडमियमचा मुलामा दिलेले असतात. कॅडमियम सुमारे ३२१ अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याचा धूर विषारी असतो. असा मुलामा असण्याची शक्यता असेल तर गॅस टॉर्चने लाल करू नका. आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर ज्योत कधीही धरू नका. त्यातून प्राणघातक वायू तयार होऊ शकतो.

उष्णता द्यायचीच असेल तर स्टडला नको, त्याच्या भोवतीच्या अॅल्युमिनियमला द्या. अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक मोठं होऊन पकड सैल होते. गरम हवेची गन पुरते. हेड १५० अंशांच्या पुढे नेऊ नका.

## २. एक्झॉस्टचे भाग पाडा

एकाच प्रकारचे नट-बोल्ट आणून सगळीकडे लावणं ही पहिली मोठी चूक. एक्झॉस्टवर वेगवेगळे शेजार आहेत आणि प्रत्येकाची मागणी वेगळी:

- पोर्ट: हेडमधले स्टड आणि फ्लँजचे (पाइप हेडवर दाबून धरणाऱ्या कड्याचे) नट. सर्वात गरम जागा, आणि आटे सर्वात मऊ धातूत.
- पाइपचे जोड: बेंड पाइप आणि सायलेन्सरमधले क्लॅम्प, दोन पाइपांना जोडणारी नळी. तापतात, पण आटे क्लॅम्पच्या स्वतःच्या बोल्टवर असतात. बिघडलं तर बोल्ट बदलता येतो.
- लटकण: सायलेन्सर फ्रेमला किंवा फुटरेस्टच्या प्लेटला धरणारे बोल्ट. तापमान कमी, वजन आणि थरथर जास्त.
- उष्णता अडवणारे पत्रे: छोटे स्क्रू, मोठा त्रास.

हाताने यादी लिहा: जागा, व्यास, लांबी, आटे, धातू, वॉशर. पुढची प्रत्येक पायरी या यादीतला एकेक रकाना भरते. यादी पूर्ण होईपर्यंत खरेदीला जाऊ नका.

## ३. आटे ओळखा

इथे सर्वात जास्त लोक चुकतात, म्हणून इथे जरा थांबू.

व्हर्नियरने स्टडचा व्यास ७.९ मिमी आला की "एम ८ (८ मिमीचा मेट्रिक) आहे" असं ठरवून मोकळे होतात. पण ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. झिजलेला एम ८ आणि ५/१६ यांच्यात फरक व्यासावरून कळतच नाही. तो कळतो आट्यांच्या घनतेवरून. ५/१६ इंच व्यासाला एका इंचात किती आटे असू शकतात ते पाहा (नावं इंची आट्यांच्या वेगवेगळ्या मानकांची आहेत):

- व्हिटवर्थ: १८
- यूएनसी: १८
- बीएसएफ: २२
- यूएनएफ: २४
- सायकल थ्रेड, म्हणजे सीईआय: २६

आणि मेट्रिक एम ८ चा नेहमीचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी, म्हणजे इंचाला साधारण २०.३ आटे. सहा शक्यता, आणि डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात.

वरच्या यादीत व्हिटवर्थ आणि यूएनसी दोघांचे १८ आहेत. पण व्हिटवर्थ आणि बीएसएफ यांच्या आट्यांचा कोन ५५ अंश, तर यूएनसी, यूएनएफ, सीईआय आणि मेट्रिकचा ६० अंश. म्हणजे नट फिरतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण आटे पूर्ण अंगाने टेकलेले नसतात. थंड असताना चालून जातं. तापून थंड होण्याच्या फेऱ्यांत ती अपुरी पकड सुटत जाते.

कोणती गाडी कोणत्या आट्यांची, याचा ढोबळ अंदाज असा: जपानी, जर्मन, इटालियन आणि चेक गाड्या मेट्रिक. अमेरिकन गाड्या यूएनसी आणि यूएनएफ. ब्रिटिश गाड्यांत मात्र व्हिटवर्थ, बीएसएफ आणि सीईआय एकाच गाडीवर सापडतात, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यात यूएनएफ-यूएनसी शिरले. त्या संक्रमणाच्या वर्षांतल्या गाडीवर कागदोपत्री माहितीपेक्षा पिच गेजवर (आटे मोजायच्या दातेरी पानांवर) विश्वास ठेवा. शिवाय तुमच्या आधी तीन-चार मालकांनी काय काय ठोकलंय ते वेगळंच.

स्टडची दोन टोकं वेगळी असू शकतात हेही विसरू नका. हेडमध्ये जाणारं टोक जाड आट्यांचं, कारण मऊ अॅल्युमिनियमला खोल, रुंद आटे लागतात. नटाकडचं टोक बारीक आट्यांचं. एक टोक मोजून दुसरं गृहीत धरलं की चुकलंच.

मोजायची रीत:

१. आटे आधी स्वच्छ करा. गंजात बसलेलं गेज खोटं बोलतं.
२. व्हर्नियरने स्टडच्या न झिजलेल्या भागाचा व्यास घ्या, दोन ठिकाणी.
३. पिच गेजचं पान बसवा आणि उजेडासमोर धरा. पान आणि आटे यांच्यामधून उजेड दिसता कामा नये.
४. शंका असेल तर अर्ध्या इंचातले आटे मोजा. यूएनएफचे १२ भरतील, सीईआयचे १३. एका आट्याचा फरक पण चुकणार नाही असा.
५. शेवटी खात्रीचा बोल्ट शेजारी आट्यात आटा घालून धरा. पूर्ण लांबीभर एकमेकांत बसले तर पिच तोच.

तपासा: नवा नट स्टडवर बोटांनी, पान्याशिवाय, पूर्ण लांबी फिरला पाहिजे. दोन-तीन आट्यांनंतर अडला तर पिच चुकला आहे किंवा आटे मार खाल्लेले आहेत. पहिलं असेल तर थांबा. दुसरं असेल तर आटे साफ करा, पण नवा टॅप किंवा डाय चालवून नव्हे, कारण ते धातू कापतात आणि पकड आणखी सैल होते. जुन्या चांगल्या बोल्टला लांबीतून करवतीने खाच पाडली की आटे साफ करायचं उत्तम हत्यार घरीच तयार होतं. स्टडसाठी आट्यांची कानस वापरा.

पान्यांबद्दलही थोडं. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या व्यासाचा असतो, नटाच्या तोंडाचा नव्हे. १/४ व्हिटवर्थ पाना आणि ५/१६ बीएसएफ पाना एकच. त्याचं तोंड ०.५२५ इंच, म्हणजे साधारण १३.३ मिमी. तिथे १४ चा मेट्रिक पाना लावला की कोपरे गेलेच. जपानी गाड्यांत एम ८ नटाचं तोंड बहुधा १२ मिमी असतं, तर बाजारातल्या सर्वसाधारण एम ८ ला १३ लागतो. फ्लँजच्या पंखांमध्ये जागा कमी असेल तर हा एक मिलिमीटर फार मोठा ठरतो. नट बसतो आणि सॉकेट आत जात नाही.

## ४. धातू निवडा: मजबूत म्हणजे योग्य नव्हे

पोर्टवरचे स्टड. ८.८ दर्जाचं साधं कार्बन स्टील किंवा क्रोम-मॉली स्टील पुरेसं आहे. ८.८ मधला पहिला आकडा ताणशक्ती सांगतो, सुमारे ८०० मेगापास्कल. दुसरा सांगतो की त्याच्या ०.८ पट, म्हणजे ६४० ला तो कायमचा ताणला जायला लागतो. "मग १२.९ आणखी चांगला" असा विचार इथे लागू होत नाही. दुबळी कडी स्टडची नाही, अॅल्युमिनियमच्या आट्यांची आहे. १२.९ चा स्टड टिकेल आणि हेडमधले आटे घेऊन बाहेर येईल. आपलं सूत्र नेमकं उलटं झालं.

पोर्टवरचे नट. पहिली पसंती पितळ. पितळ गंजून स्टडला चिकटत नाही, पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे जोर जास्त झाला तर त्याचेच आटे जातात आणि स्टड वाचतो. जाडी मात्र नेहमीच्या नटापेक्षा जास्त हवी, व्यासाच्या दीडपट. म्हणजे एम ८ ला १२ मिमी उंच नट. साध्या उंचीचा पितळी नट या कामाला कमी पडतो. दुसरी पसंती तांब्याचा मुलामा दिलेले, पूर्ण धातूचे लॉकनट. ते सुटत नाहीत आणि निघतातही. जिथे थरथर जास्त, म्हणजे मोठ्या सिंगल सिलिंडरवर, मी हेच वापरतो.

स्टेनलेस पोर्टवर नको. याला दोन कारणं आहेत.

पहिलं, स्टेनलेस नट स्टेनलेस स्टडवर घट्ट करताना दोन्हींचे आटे एकमेकांना सोलतात आणि थंडच वेल्ड झाल्यासारखे चिकटतात. मी हे एकदा स्वतःच्या हाताने केलं आहे. नट अर्ध्यात थांबला, पुढे जाईना, मागे येईना, आणि मागे फिरवताना स्टडसकट आटे बाहेर आले. ते हेड दुरुस्त झालं, पण मूळचे आटे परत आले नाहीत.

दुसरं कारण प्रसरण. ए२ जातीचं स्टेनलेस दर अंशाला मीटरमागे सुमारे १७ मायक्रोमीटर वाढतं, साधं पोलाद सुमारे १२. समजा फ्लँज पोलादी आहे, नटाखालची पकड १० मिमी आहे आणि तापमान २५० अंशांनी वाढलं. स्टेनलेस स्टड फ्लँजपेक्षा ०.०१२५ मिमी जास्त लांब होतो. ऐकायला काहीच नाही. पण इतका छोटा स्टड घट्ट केल्यावर ताणला जातो तोच मुळी ०.०१५ ते ०.०२ मिमी. म्हणजे गाडी तापली की निम्म्याहून जास्त पकड नाहीशी होते. "घट्ट केला होता तरी सैल कसा झाला" या प्रश्नाचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

याच हिशोबातून एक उपयोगी युक्ती निघते. नटाखाली १० ते १५ मिमी लांबीची पोलादी नळी स्पेसर म्हणून घातली आणि तेवढा लांब स्टड वापरला, तर स्टडला ताणायला जास्त लांबी मिळते आणि गॅस्केट थोडं बसलं तरी ताण टिकतो. शिवाय नट पोर्टच्या उष्णतेपासून लांब जातो. दिसायलाही वाईट नाही. जागा असेल तिथे जरूर करा.

जस्ताचा मुलामा. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी त्याचं संरक्षण संपतं. पोर्टवर त्याचा भरवसा धरू नका. लटकणाच्या बोल्टना चालेल.

क्लॅम्प. इथे स्टेनलेस बोल्ट चालतो, कारण चिकटला तरी कापून फेकता येतो; पण त्यावर नट स्टेनलेसचा नको, पितळी किंवा तांब्याच्या मुलाम्याचा लावा.

लटकण. फ्रेमला धरणारे बोल्ट ८.८ चेच ठेवा. सायलेन्सरचा बोल्ट फुटरेस्टही धरत असेल, आणि अनेक जुन्या गाड्यांत धरतो, तर तिथे दिखाऊ स्टेनलेस अजिबात नको. ए२-७० ची ताणशक्ती ७०० मेगापास्कल असते, पण कायमचा ताण ४५० लाच सुरू होतो. त्या बोल्टवर माणूस उभा राहतो.

पत्र्यांचे स्क्रू. साधारण १९६७ च्या आधीच्या जपानी गाडीवर एम ५ स्क्रूचा पिच ०.९ मिमी असू शकतो. आजचा एम ५ म्हणजे ०.८. आजचा स्क्रू बळेबळे घातला तर पत्र्यावर वेल्ड केलेला नट जातो. आणि जपानी चौकटी खाचेला साध्या फिलिप्सऐवजी जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा पेचकस वापरा.

## ५. सुटू नये म्हणून काय, आणि काय नाही

नायलॉक नटाची नायलॉन रिंग सुमारे १२० अंशांपर्यंतच भरवशाची. पोर्टवर किंवा क्लॅम्पवर ती मऊ होऊन निकामी होते, आणि तुम्ही मात्र निर्धास्त असता. लटकणाच्या रबरी बुशवर नायलॉक उत्तम.

स्प्रिंग वॉशर पोर्टवर निरुपयोगी. वारंवार तापून त्याचं पाणी उतरतं आणि तो सपाट वॉशर होऊन बसतो. तिथे जाड, कडक सपाट वॉशर घाला आणि पकड नटावर सोडा.

आट्यांना लावायचा नेहमीचा लॉकिंग द्रवही पोर्टवर नको; साधारण १५० अंशांच्या पुढे तो सुटतो.

मग उरतं काय? पूर्ण धातूचा लॉकनट, वाकवून बसवायची पत्र्याची कुलपी पट्टी, किंवा लांब पितळी नट आणि नियमित तपासणी. नॉर्टन कमांडोसारख्या गाडीवर, जिथे गोल नट हेडच्या आतल्या आट्यांत बसतो, ही कुलपी पट्टी टाळणं म्हणजे हेडचा जुगार. नट जरा सैल झाला की पाइप थरथरतो आणि आटे आतून दळले जातात.

सावधान: टोपीचे बंद नट दिसायला सुंदर, पण स्टड लांब असेल तर त्याचं टोक टोपीच्या आत टेकतं. पाना घट्ट लागतो आणि फ्लँज मात्र सैलच राहतो. बसवण्याआधी टोपीची आतली खोली आणि वॉशरच्या वर उरणारा स्टड, दोन्ही मोजा. खोली किमान २ मिमी जास्त हवी.

## ६. स्टड बसवा

हेडमधलं भोक हवेने फुंकून कोरडं करा, डोळ्यांवर चष्मा घालून. तळाशी तेल राहिलं तर स्टड बसताना ते दाबलं जातं आणि मऊ धातूला तडा जाऊ शकतो.

अॅल्युमिनियममध्ये स्टडची पकड व्यासाच्या किमान दीडपट हवी, जमल्यास दुप्पट. एम ८ साठी १२ ते १६ मिमी. तेवढे शाबूत आटे नसतील तर आत्ताच हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) किंवा भरीव बुश घाला. "तात्पुरतं चालेल" ही तडजोड एक्झॉस्टवर कधीच तात्पुरती राहत नाही.

हेडकडच्या आट्यांना निकेलयुक्त अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) पातळ लावा. तांब्याची पेस्ट नटाकडे वापरा. अॅल्युमिनियममध्ये ओलाव्यासह तांबं नको, गंज वाढतो. स्टडवर दोन नट एकमेकांविरुद्ध घट्ट करून वरच्या नटाने स्टड हलक्या हाताने आत घ्या. आटे संपले की थांबा. स्टड तळाला टेकवून आवळायचा नसतो. घट्टपणा नटाने येतो.

तपासा: फ्लँज, गॅस्केट, वॉशर आणि नट कोरडेच बसवून पाहा. नटाबाहेर दोन आटे दिसले पाहिजेत. एकही दिसत नसेल तर स्टड आखूड. पाच-सहा दिसत असतील तर ते उघडे आटे गंजतील आणि पुढच्या वेळी नट त्यांच्यावरून येताना जाम होईल.

## ७. जुळवणी: आधी सगळं सैल

योग्य नट-बोल्ट निवडूनही स्टड तुटतो तो क्रम चुकल्यामुळे. सायलेन्सर आधी फ्रेमला आवळतात आणि मग उरलेलं अंतर फ्लँजच्या नटाने ओढून घेतात. तो ओढलेला पाइप जन्मभर स्टड वाकवत राहतो.

१. पोर्टमध्ये नवं गॅस्केट ठेवा. भरीव तांब्याची रिंग पुन्हा वापरायचीच असेल तर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात थंड करा; तांबं मऊ होतं. पोकळ, दाबलं जाणारं गॅस्केट दुसऱ्यांदा वापरू नका.
२. पाइप पोर्टमध्ये सरळ ढकला. दोन अर्ध्या कॉलर असतील तर त्या नीट बसल्याची खात्री करा. नट बोटांनी लावा.
३. क्लॅम्प आणि सायलेन्सर चढवा, बोल्ट दोन-तीन आटे धरतील एवढेच.
४. लटकणाचे बोल्ट हाताने आरपार गेले पाहिजेत. पहारीने ओढून भोक जुळवावं लागत असेल तर थांबा. लटकणाचा पत्रा वाकवा, भोक लांबट करा किंवा वॉशरने अंतर भरा.
५. आता घट्ट करायला सुरुवात पोर्टपासून. दोन नट आळीपाळीने, दर वेळी अर्धा फेरा. फ्लँज आणि हेडमधली फट दोन्ही बाजूंना सारखी राहिली पाहिजे. फीलर गेज नसेल तर ड्रिलची काडी सरकवून पाहा.
६. मग क्लॅम्प. शेवटी लटकण, सर्वात मागचा बोल्ट सर्वात शेवटी.

किती घट्ट? गाडीच्या पुस्तिकेतला आकडा सर्वात आधी. तो नसेल तर मी एम ६ ला ८ ते १० आणि एम ८ ला १५ ते २० न्यूटन-मीटरच्या वर जात नाही. पितळी नटाला यातला खालचा आकडा. पुस्तिकेतले आकडे सहसा कोरड्या आट्यांचे असतात. आट्यांना पेस्ट लावली असेल तर तेवढ्याच टॉर्कला ताण बराच जास्त येतो, म्हणून आकडा पाचव्या ते चौथ्या हिश्शाने कमी करा. हे न करणं हे आटे जाण्याचं फार मोठं आणि फार कमी बोललं जाणारं कारण आहे.

तपासा: क्लॅम्पचे दोन कान एकमेकांना टेकले असतील तर क्लॅम्प पाइप धरत नाही, स्वतःलाच धरतो. पाइप झिजलेला आहे किंवा क्लॅम्प मोठा आहे. बोल्ट आणखी आवळून उपयोग नाही. बोल्ट तेवढा वाकेल.

## ८. पहिल्या तापण्यानंतर

इंजिन सुरू करा, दहा मिनिटं चालू द्या, मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. हात टेकवता येईल एवढं नव्हे, पूर्ण. आता पोर्टचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. गॅस्केट दबलेलं असतं, त्यामुळे थोडा फेरा जवळजवळ नेहमीच मिळतो. पंखेदार गोल नट असलेल्या गाड्यांत मात्र पुस्तिका गरम असताना आवळायला सांगत असेल तर तसंच करा, आणि कुलपी पट्टी त्यानंतरच वाकवा.

फट राहिली असेल तर पोर्टभोवती काळी काजळी दिसेल आणि थंड इंजिनावर टिकटिक आवाज येईल. तो आवाज व्हॉल्व्हचा समजून अनेकजण टॅपेट उघडतात.

पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट यादीप्रमाणे एकदा तपासा. पहिल्या फेरीत सैल झालेला नट आवळला आणि पुढच्या तपासणीत तोच परत सैल मिळाला, तर त्याला आणखी आवळू नका. नट काढा आणि कारण शोधा: वाकलेला फ्लँज, ताणात बसलेला पाइप, दमलेले आटे, किंवा पोर्टवर चुकून गेलेलं स्टेनलेस. यादीतल्या त्या ओळीपुढे तारीख टाका, आणि प्रत्येक नटापुढे त्याचे आटे आणि पान्याचा आकडा लिहून तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या वेळी तो बेंड पाइप उघडणारा माणूस तुम्ही नसालही.